राजपार्टीचा गाल आणि १२०टीची जाळी

गेल्या दिवाळीच्या आधी एका दशावतारी मंडळाचं काम आलं. साठ पांढरे टी-शर्ट, पाठीवर त्यांच्या राजपार्टी (राजाचं काम करणाऱ्या) नटाचा चेहरा, फक्त काळ्या रंगात. फोटो सुरेख होता. उजेड एका बाजूने पडलेला, त्यामुळे गालावरची सावली मिशीपासून कानापर्यंत हळूहळू विरत गेलेली.

कुडाळच्या माझ्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात ७७टीची फ्रेम, म्हणजे चौकटीवरची छपाईची जाळी, ताणून तयार होती. सावली लहानमोठ्या ठिपक्यांनी दाखवायची, म्हणून ४५ एलपीआयची (इंचाला ठिपक्यांच्या ४५ ओळी) पॉझिटिव्ह, म्हणजे चित्राची पारदर्शक फिल्म, काढली. ती जाळीवरच्या इमल्शनवर, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या लेपावर, ठेवून एक्स्पोज केली, उजेड न लागलेला लेप धुऊन काढला, पहिला शर्ट छापला. मंडळाचे काका समोरच बसले होते. त्यांनी शर्ट दारात उजेडाला धरला. "अरे झिला, गालावरचो रंग खंय गेलो?"

गाल कोरा पांढरा होता. कपाळावर मॉयरेचे पट्टे, म्हणजे ठिपक्यांच्या ओळी जाळीच्या धाग्यांशी भिडून उमटणारे.

हिशोब तर बरोबर होता. इंचाला जितक्या ओळी, त्याच्या निदान चौपट धागे हवेत असं आम्ही धरतो. ७७टी म्हणजे सेंटिमीटरला ७७, इंचाला १९५ धागे. चौपटीहून जास्तच. पण मी ओळी मोजल्या, ठिपका मोजला नाही. ४५ एलपीआयला ५ टक्क्यांचा, म्हणजे आपल्या वाट्याच्या जागेतली ५ टक्के व्यापणारा, ठिपका सुमारे १४० मायक्रॉनचा. ७७टीत एका धाग्यापासून पुढच्या धाग्यापर्यंत १३० मायक्रॉन, त्यातले ५५ धाग्यानेच खाल्लेले. ठिपक्याच्या मधोमध धागा आला की शाई अडते, शेजारचा ठिपका मात्र उमटतो. मिशीच्या गडद बाजूला उलटं: तिथे इमल्शनचा इवलासा तुकडा धाग्यांना धरून राहायचा असतो, आणि धुताना तो सुटून जातो.

१२०टीत धाग्यांमधलं अंतर ८३ मायक्रॉन, धागा ३४चा. ठिपक्याला टेकायला जागा मिळते. जाळी पिवळीच घेतली. पांढऱ्या धाग्यातून उजेड आडवा पसरतो आणि ठिपक्यांच्या कडा खातो. पिवळीला एक्स्पोजर जास्त द्यावं लागतं, तेवढं मी आनंदाने देतो. ठिपक्यांचा कोनही बदलून २२.५ अंश केला आणि पट्टे गेले.

परतीचा पाऊस चालू होता. आपल्याकडच्या त्या दमट हवेत इमल्शन वरून सुकलेलं वाटतं, आत ओल राहते, आणि ओलं इमल्शन कितीही एक्स्पोज केलं तरी बारीक ठिपके पाण्याबरोबर जातात. म्हणून फ्रेम रात्रभर कपाटात, पिवळ्या बल्बच्या उबेला, आडवी ठेवली.

दुसऱ्या दिवशी गाल आला. अगदी ३ टक्क्यांचे ठिपके होजिअरीच्या विणीत तरीही हरवत होते, म्हणून पॉझिटिव्हमध्येच सगळ्यात फिकी जागा ५ टक्क्यांवर आणली. काकांनी शर्ट घडी न घालता खांद्यावर टाकला आणि उरलेले एकोणसाठ कधी देतोस ते विचारलं.

७७टीची फ्रेम आता आंब्याच्या खोक्यांवरच्या अक्षरांना वापरतो.