टचस्क्रीन टेबलाला चार बाजू असतात

टचस्क्रीन टेबल म्हणजे आडवा ठेवलेला मोठा मोबाइल, असे धरून आजवर ते बनवले आणि विकले गेले, आणि घराघरांत ते न पोहोचण्याचे मोठे कारण मला तेच वाटते. मोबाइल एकाच्या हातात असतो. टेबलाभोवती चार माणसे चार दिशांनी बसतात, तेव्हा अक्षरे कोणाकडे तोंड करून उमटावीत आणि आत्ता पडलेले बोट कोणाचे, हे दोन प्रश्न सोडवल्याशिवाय त्या काचेला टेबल म्हणता येत नाही.

यातला दुसरा प्रश्न पूर्वीच सोडवला गेला होता. २००१ मध्ये अमेरिकेतील मित्सुबिशीच्या संशोधन प्रयोगशाळेने ‘डायमंडटच’ नावाचे टेबल मांडले. त्याच्या पृष्ठभागाखालून अतिशय क्षीण विद्युतसंकेत सोडले जात. बोट टेकताच तो संकेत शरीरातून खुर्चीपर्यंत जाई, आणि कोणत्या खुर्चीवरच्या माणसाने कोठे स्पर्श केला हे यंत्राला नेमके कळे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले ‘सरफेस’ टेबल अधिक गाजले: ३० इंची पडदा, आत प्रोजेक्टर आणि पाच इन्फ्रारेड कॅमेरे, किंमत सुमारे १०,००० डॉलर. खुणेची चिठ्ठी लावलेली वस्तू वर ठेवली तर ते ओळखत असे, पण बोटांचा मालक ओळखण्याची सोय त्यात नव्हती. २०१२ मध्ये ते नावही कंपनीने आपल्या टॅब्लेटला दिले. पुढे २०१३ मध्ये लेनोवोने २७ इंची ‘होरायझन’ आणला, आणि २०२१ मध्ये आर्केडवनअपचे ‘इन्फिनिटी गेम टेबल’ २४ व ३२ इंचांत लोकांच्या घरी पोहोचू लागले.

या मापांकडे बेळगावच्या खेळाडूने जरूर पाहावे. नियमानुसार कॅरमच्या खेळाची जागा सुमारे ७४ सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद असते. पडद्याचे इंच तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात; त्यामुळे सध्याच्या रुंद प्रमाणाचा ३२ इंची पडदा लांबीला सुमारे ७१ सेंटिमीटर भरतो, पण रुंदीला जेमतेम ४०. म्हणजे कॅरमइतकी जागा हवी असेल तर जवळजवळ ६० इंची पडदा लागेल. त्यातही स्ट्रायकरचा वेग, पावडरीवरची घसरण आणि सोंगटीला लागलेला कट यांतले काहीच काचेवर बोट सरकवून हाताला जाणवत नाही. म्हणून कॅरम लाकडाच्या बोर्डावरच राहावा, असे माझे ठाम मत आहे. ज्या खेळांत हाताच्या कसबापेक्षा चाल महत्त्वाची असते, असे सारीपाट, बुद्धिबळ आणि सापशिडी या टेबलावर शोभतील, आणि तेही खऱ्या सोंगट्या वर ठेवता आल्या तर अधिक.

रोजच्या वापराबद्दल मात्र मी साशंक आहे. आपल्याकडे टेबलावर चहाचे कप येतात, ओले हात टेकतात, आणि पावसाळ्यात दमट हवा आठवडेच्या आठवडे हटत नाही. मोबाइलसारखी काच पाण्याच्या थेंबांनी गोंधळते, तर पडद्याच्या कडांवरून अदृश्य किरण सोडून स्पर्श ओळखणाऱ्या इन्फ्रारेड चौकटीला सदऱ्याची बाही किंवा फरसाणाचा कणही बोट वाटू शकतो. छतावरच्या दिव्याचे प्रतिबिंब आणि सतत वाकून अवघडलेली मान हे त्रास वेगळेच.

तरीही सार्वजनिक वाचनालय, शाळा किंवा वसतिगृहाचा सामायिक कक्ष अशा ठिकाणी या टेबलाला चांगले भविष्य आहे, आणि त्याची वाट मला आमच्या सीमाभागातूनच दिसते. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत एका खेळाला बसलेल्या चौघांत कोणाचे वाचन मराठीत झालेले असते, तर कोणाचे कन्नडमध्ये. छापील पटावर नियम एकाच बाजूने आणि बहुधा इंग्रजीत असतात. टचस्क्रीन टेबल मात्र प्रत्येक कडेला त्या बाजूच्या माणसाकडे वळलेली, त्याच्याच लिपीतली अक्षरे दाखवू शकते. कोणतीही एक भाषा वर आणि दुसरी खाली असा प्रश्नच तेथे उरत नाही, कारण आडव्या टेबलाला वरची बाजूच नसते. इतकी साधी गोष्ट बाजारातल्या टेबलांच्या जाहिरातींत मला कोठे ठळकपणे दिसली नाही, याची खंत वाटते.

त्यासाठी परदेशी बनावटीचे महागडे टेबल मागवण्याची गरज नाही. साध्या टीव्हीच्या पडद्यावर बसणारी इन्फ्रारेड स्पर्शचौकट विकत मिळते, मजबूत सांगाडा बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत सहज घडू शकतो, आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी यासारखा विषय शोभेल. पडदा झाकणारी जाड काच आणि वीज गेल्यावर डाव जिथल्या तिथे जपून ठेवणारी प्रणाली, एवढ्या दोन गोष्टींवर तडजोड करू नये. बोट कोणाचे हे ओळखणे अवघड वाटल्यास आरंभी प्रत्येक कडेला त्या खेळाडूची वेगळी पट्टी राखून काम भागेल. पहिला खेळ म्हणून सारीपाट घ्यावा: त्याच्या पटाला मुळातच चार हात आहेत, आणि प्रत्येक हातापुढे बसणाऱ्याची लिपी मांडायला तेथे आयती जागा आहे.