हत्सेर, बानोत आणि कफार: हिब्रू गावांच्या नावांबद्दल थोडं

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात गावांच्या लांबच लांब याद्या आहेत, बरेच जण त्या सोडून पुढे जातात पण माझा सगळ्यात जास्त जीव त्यांच्यातच अडकतो, कारण राजांबद्दल सगळेच लिहितात, खेड्यांची नावं कोण लिहून ठेवतं!

त्यात 'हत्सेर' हा शब्द सारखा येतो. तटबंदी नसलेली वस्ती म्हणजे हत्सेर, आपल्या वाडीसारखी. १५व्या अध्यायात हत्सर शुआल आहे, म्हणजे कोल्ह्याची वाडी, आणि १९व्यात हत्सर सुसा, म्हणजे घोडीची. बहुतेक ही नावं दक्षिणेकडच्या कोरड्या, गुरंमेंढ्यांच्या मुलखातली आहेत, नुसती वाचली तरी तिथलं जगणं कळतं.

आणि हा फरक नुसता नावापुरता नव्हता, कायद्यातही होता. बायबलमधल्याच लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात म्हटलंय की तटबंदीच्या शहरातलं घर विकलं तर ते एका वर्षाच्या आत सोडवून घ्यायचं, नाहीतर कायमचं गेलं. पण हत्सेरमधलं घर शेतजमिनीत धरायचं, म्हणजे ते कधीही सोडवता येतं आणि नाहीच जमलं तरी योबेलच्या, म्हणजे ५०व्या वर्षी मूळ मालकाकडे परत येतं. खेड्यातल्या माणसाचं घर आणि रान वेगळं काढता येत नाही हे ज्यांनी ओळखलं त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं.

मोठ्या शहराभोवतीच्या खेड्यांना 'बानोत' म्हणजे लेकी म्हणायचे, 'हेशबोन आणि तिच्या लेकी' असं गणना या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात मूळ हिब्रूत आहे, भाषांतरात मात्र सरळ 'खेडी' होऊन जातं आणि लेकी गायब!

आज हिब्रूत सगळ्यांना माहीत असलेला गावासाठीचा शब्द म्हणजे कफार. जुन्या करारातल्या गावांच्या नावांत तो अगदी क्वचित आहे, कफार हाअम्मोनी वगैरे, पण येशूच्या काळापर्यंत चांगलाच रुळला. कफर्णहूम म्हणजे कफार नहूम, नहूमचं गाव. गालील सरोवराच्या काठावरचे तिथले अवशेष १८९४ मध्ये फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या लोकांनी विकत घेतले, काळ्या बेसॉल्टच्या घरांमध्ये पांढऱ्या चुनखडीचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं आहे.

अरबीतही हाच शब्द 'कफ्र' म्हणून आहे, म्हणून नाझरेथजवळचं कफ्र कन्ना अरबी गाव असूनही नाव त्याच घराण्यातलं. आणि सुरुवातीच्या त्या कोल्ह्याच्या वाडीचं, हत्सर शुआलचं नाव तर नहेम्याच्या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात पुन्हा येतं, बाबेलच्या बंदिवासानंतर यहूदाचे लोक जिथे राहत होते त्या गावांच्या यादीत.