तोंडी सौदा फिसकटला तर

जमिनीचा सौदा तोंडी झाला म्हणजे कोर्टात काहीच चालत नाही, हे खरं नाही. विक्रीचा करार लेखीच हवा अशी कायद्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ब्रिजमोहन विरुद्ध सुग्रा बेगम निकालात स्पष्ट केलंय. मात्र करार सिद्ध करायचा भार खरेदीदारावर, आणि तो जड असतो. मालकी तर नोंदणीकृत खरेदीखताशिवाय येतच नाही. ताबा घेऊन बसलात तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चं, म्हणजे ताबा टिकवण्याचं, संरक्षण मिळत नाही. त्याला लेखी करार लागतो, आणि २००१ पासून तोही नोंदवलेला.

दावा बहुधा उलटतपासात ढासळतो. साक्षीदार छातीठोकपणे सांगतो, 'माझ्यासमोर भाव ठरला.' मग प्रश्न सुरू होतात. भाव एकरी की उक्ता? क्षेत्र सातबाऱ्याचं धरायचं की मोजणीत निघेल ते? खरेदीखत कधीपर्यंत? बहिणींच्या सह्या कोण आणणार? दोन साक्षीदारांनी दोन उत्तरं दिली की करार पक्का झालाच नव्हता, असं म्हणायला जागा मिळते.

म्हणून बैठकीनंतर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर गट नंबर, क्षेत्र, भाव, इसार आणि मुदत लिहून पाठवावी. समोरच्याचं नुसतं 'हो' आलं तरी पुष्कळ. तो फोन विकू नका. चॅट पुराव्यात आणायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, स्क्रीनशॉटची प्रिंट पुरत नाही.

इसार बँकेतूनच द्यावा. मालमत्तेसाठी २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय दाव्यात दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचं म्हटलं, तर आयकर खात्याला कळवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कोर्टांना सांगितलंय. 'रोख दिले, पावती नाही' हे वाक्य दोन्हीकडून अंगाशी येतं.

समोरच्याने नकार दिला की वकिलामार्फत नोटीस द्या आणि उरलेली रक्कम तयार असल्याचं त्यात लिहा. त्या तारखांचं पासबुक किंवा कर्जमंजुरीचं पत्र जपा. 'तयारी आणि इच्छा' दाखवता आली नाही तर चांगला करारही हातचा जातो. दावा लावायची मुदत तीन वर्षं: खरेदीखताची तारीख ठरली असेल तर तिथून, नसेल तर नकार कळल्यापासून. नोटिसांच्या देवाणघेवाणीत ती थांबत नाही.

करारपूर्तीच्या, म्हणजे ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मिळण्याच्या, दाव्यात इसार परत मिळण्याची पर्यायी मागणी घालायला विसरू नका. मागितली नाही तर कोर्ट ती आपणहून देत नाही. महाराष्ट्रात दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या, नाहीतर मधल्या काळात जमीन घेणाऱ्या तिसऱ्यावर तुमच्या दाव्याचा निकाल बंधनकारक राहीलच असं नाही.