आज खेकडा होता

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक जुनं विजेचं इंजिन उभं आहे. मे महिन्यात भाच्याच्या मुलाला घेऊन गेले होते. तो पुढे पळाला, मी तिथेच अडकले.

मी कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले. नाना मालगाड्यांवर होते, आधी असिस्टंट, मग ड्रायव्हर. या इंजिनाचं कागदोपत्री नाव ईएफ-१, पुढे डब्ल्यूसीजी-१, पण नाना घरात शिरताना फक्त म्हणायचे, "आज खेकडा होता." की आई तेल कोमट करायला ठेवायची. आज पाठ चोळावी लागणार, हे तिला कळायचं.

एकूण ४१ खेकडे. पहिले १० स्वित्झर्लंडच्या विंटरथूरहून आले, बाकीचे इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. त्यांचं काम घाटात मालगाड्या चढवणं. पुण्याच्या वाटेवरचा बोर आणि नाशिकच्या वाटेवरचा थळ, दोन्ही घाटांचा चढ सदतीसात एक, म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की १ फूट वर. बोरघाटात तर आधी गाडी मध्येच थांबवून उलट्या दिशेने वर न्यायचे. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झालं. डोंगरात नवे बोगदे झाले आणि डोक्यावर १५०० व्होल्टची तार आली.

आता यंत्राकडे बघा. मधे केबिन, पुढे-मागे लांब नाकं. वळणावर ही नाकं आपापल्या चाकांसोबत वळतात, केबिन मागून येते. चार मोटरी, मिळून सुमारे २,६०० अश्वशक्ती. विजेचं इंजिन असूनही चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे! मला लहानपणी ते जुनाट वाटायचं. नानांनी जेवताना तीन वाट्या ओळीत मांडून समजावलं होतं: पावसात रूळ ओला, एक चाक घसरायला बघतं, पण दांड्याने बांधलेली बाकीची दोन त्याला घसरू देत नाहीत. घाट उतरताना याच मोटरी वीज तयार करून तारेत परत सोडायच्या, आणि ती चढणाऱ्या गाडीला उपयोगी पडायची. नाना म्हणायचे, "उतरणारा चढणाऱ्याला हात देतो." (ब्रेकचे ठोकळेही वाचायचे, हे आपलं माझं हिशेबी डोकं.)

स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गावर, जवळजवळ एवढ्याच चढावर, अशीच नाकं असलेली इंजिनं १९१९-२० पासून धावत होती. तिकडे त्यांना मगर म्हणत. दिसायला मगरच, वाद नाही. आपल्या लोकांनी मात्र खेकडा म्हटलं, कारण चालताना ते आडवं डुलायचं आणि उभं असलं की कण्हायचं. नानांची पाठ त्या डुलण्यानेच गेली.

मी दांड्याला हात लावला. जिथे तेल घालायचं, ती भोकंसुद्धा रंगाने लिंपून टाकलेली. नानांनी पाहिलं असतं, तर रंगाऱ्याची काही खैर नव्हती.