विंचीच्या किल्ल्यातील खिट्ट्या

पर्यटकांचे गट घेऊन मी नऊ वर्षे इटलीत जाते. तेथे संग्रहालयात माहिती सांगण्याचे काम परवानाधारक स्थानिक गाइडचे असते. तो इंग्रजीत बोलतो आणि मी ते मराठीत करून गटाच्या हेडसेटवर पोहोचवते. लिओनार्दोच्या विंची गावात, कोंती ग्वीदींच्या किल्ल्यात १९५३ साली सुरू झालेल्या संग्रहालयासाठी आमच्या कार्यक्रमात जेमतेम तासभर असतो. पिसाच्या मनोऱ्याला टेकल्यासारखी छायाचित्रे काढण्यासाठी मात्र दोन तास ठेवलेले असतात, हे मला कधीच पटलेले नाही.

या खेपेस गटात कोल्हापूरकडचे एक निवृत्त पॅटर्नमेकर होते. चाळीस वर्षे त्यांनी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे साचे ज्यांवरून बनतात ते नमुने, घडवले होते. ओझे उचलण्याच्या रहाटाच्या प्रतिकृतीपाशी मी नेहमीचे वाक्य म्हटले, ‘दांडा मागेपुढे केला की चाक फिरते.’ त्यांनी शांतपणे विचारले, ‘ताई, दांडा मागे आला की चाक उलटं का फिरत नाही?’

मला उत्तर आले नाही. इतकी वर्षे मी ते यंत्र न समजता भाषांतरित करत होते.

मग त्यांनीच समजावले. आत दोन दातेरी चाके असून त्यांच्या खिट्ट्या, म्हणजे दातांत अडकून एकाच दिशेने ओढ देणारे अडसर, विरुद्ध बाजूंना अडकतात. दांडा पुढे गेला की एक चाक ओढते, मागे आला की दुसरे, आणि दोन्ही चाके मधल्या पिंजऱ्यासारख्या चाकाला समोरासमोरून भिडत असल्यामुळे ते एकाच दिशेने फिरत राहते, दोर सुटत नाही. लिओनार्दोने मूळ चित्रात जोडलेल्या यंत्राशेजारी सगळे भाग सुटे करून मांडले आहेत. ते पाहून काका म्हणाले, ‘असं ड्रॉइंग हातात आलं की पॅटर्न करणाऱ्याला काही विचारावं लागत नाही.’ गाइडनेही बोलणे थांबवून मला त्याचे इंग्रजी करायला सांगितले. त्या दिवशी भाषांतर प्रथमच उलट्या दिशेने झाले.

वरच्या मजल्यावर जायचे राहिले असतानाच मी त्यांना थांबवले. ड्रायव्हरच्या कामाचे तास बसमधल्या टॅकोग्राफ या यंत्रावर नोंदले जातात, तेथे विनंती चालत नाही. तरीही मनोऱ्यापाशी गेलेला वेळ मला आजही सलतो. काका काही बोलले नाहीत. फ्लॉरेन्सला पोहोचेपर्यंत त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर तो रहाट काढला आणि कागद माझ्या हाती दिला. खिट्टी दाताला कोणत्या कोनात टेकते, तेवढी जागा त्यांनी मोकळी सोडली आहे. पुढच्या खेपेस पाहून कळवण्याचे मी कबूल केले आहे.