कसबा, शनिवार, सोमवार पेठ: कालनोंदींची प्रगती

पुण्याच्या या तिन्ही पेठांमधल्या मुख्य वास्तूंचा काळ ठरवून नोंदवण्याचा पहिला टप्पा पूर्ण झाला आहे. लाल महाल, कसबा गणपती, तांबट आळी, शनिवारवाडा आणि सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपती मंदिर एवढ्या जागा झाल्या. नानावाड्याची मापं बाकी आहेत. या वेळी भर तारखांवर दिला आहे, कारण पुण्यातल्या बहुतेक नोंदी इथेच फसतात. वास्तू बरोबर असते, फोटो चांगला असतो, आणि साल एका वर्षाने किंवा वार तीन दिवसांनी चुकलेला असतो.

उदाहरण शनिवारवाड्याचंच घ्या. पायाभरणी माघ शुद्ध ३, शके १६५१, शनिवार, १० जानेवारी १७३०. आता मोबाईलमधल्या कॅलेंडरवर १७३० सालात मागे जा. १० जानेवारीला मंगळवार दिसेल. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची, तिथेही मंगळवारच. ज्या वाड्याला शनिवारचं नाव आहे त्याच्या दोन्ही तारखा मंगळवारी आल्या की माणूस मूळ तारखेवरच शंका घेतो. पण तारीख बरोबर आहे. इंग्रजांनी जुनं ज्युलियन कॅलेंडर १७५२ च्या सप्टेंबरात सोडलं आणि आपल्या इतिहासग्रंथांत त्याआधीच्या इंग्रजी तारखा सहसा जुन्याच पद्धतीने दिलेल्या असतात. मोबाईल मात्र सगळा काळ नव्या, ग्रेगोरियन पद्धतीने मोजतो. अठराव्या शतकातला फरक ११ दिवसांचा. १० मध्ये ११ मिळवा, २१ जानेवारी १७३० पाहा, शनिवार मिळतो. १७३२ च्या तारखेलाही तसंच करा, तिथेही शनिवार. त्यामुळे १७५२ पूर्वीच्या प्रत्येक तारखेपुढे जुनी की नवी पद्धत ते लिहायचंच, आणि वार जुळल्याशिवाय नोंद पक्की धरायची नाही.

शकाचं इसवी सनात रूपांतर करताना सगळे सरसकट ७८ मिळवतात. चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ते बरोबर आहे. पण शक पाडव्याला बदलतो आणि इंग्रजी साल १ जानेवारीला, म्हणून १ जानेवारीपासून फाल्गुनाअखेर ७९ मिळवावे लागतात. वरच्याच तारखेत १६५१ अधिक ७८ म्हणजे १७२९ येतात, आणि पाया तर १७३० चा. पानिपतचंही तेच: पौष शुद्ध ८, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१. पौष महिना दोन इंग्रजी सालांवर पसरलेला असल्याने पौषातली तिथी प्रत्येक वेळी जंत्रीत (तिथी आणि इंग्रजी तारखा जुळवून देणाऱ्या कोष्टकात) पाहा, अंदाजाने भागवू नका. शिलालेखावर नुसताच शक असेल, महिना नसेल, तर ‘१७२९-३०’ असं जोडसाल लिहा. एकच साल लिहिण्याचा मोह टाळा.

पेशवे दफ्तरातल्या (पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहातल्या) कागदांशी वास्तू जुळवायची असेल तर शुहूर सन, म्हणजे त्या कागदांत वापरलेली वर्षगणना, लागतो. हा मृग लागला की बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आकडे अरबी शब्दांत असतात आणि एकंपासून वर जातात: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० आणि १०००, मिळून ११६१. पानिपतची लढाई याच सनातली, आणि जानेवारीतली असल्याने ६०० मिळवून १७६१ येतात. चुका होतात त्या एकं आणि दहंच्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. सबा म्हणजे ७ आणि सबैन ७०, समान ८ आणि समानीन ८०, अर्बा ४ आणि अर्बैन ४०. मोडीत घाईने लिहिलेला शेवटचा ‘न’ सुटला की सगळं बिघडतं. पण एकंचा शब्द आधी आणि दहंचा नंतर येतो. म्हणून दोन शब्द असतील तर दुसरा ‘न’ने संपतोय का ते पाहावं. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ हे ११७४. नारायणरावांचा खून याच सनातला: ३० ऑगस्ट १७७३, आणि ऑगस्ट असल्याने इथे ५९९.

लेख नसलेल्या वाड्यांचं काय? पेठांमधले बहुतेक वाडे असेच आहेत. तिथे अख्ख्या वाड्याला एक साल चिकटवण्याऐवजी भाग सुटे करून नोंदवावेत. जोतं काळ्या घडीव दगडाचं, वर चुन्यातल्या पातळ विटा, सागवानी खांब आणि तुळया असतील तर तो भाग पेशवाई वळणाचा धरायला हरकत नाही. विटेची जाडी एका विटेवर मोजू नका, दर्जा (विटांमधले सांधे) भरलेल्या असतात आणि कडा झिजलेल्या. सलग दहा थरांची उंची मोजून दहाने भागा, म्हणजे वीट आणि सांधा मिळून एका थराची सरासरी मिळते. बिडाचे खांब किंवा ओतीव कठडे दिसले की तो भाग इंग्रजी अमदानीतला. मंगलोरी कौलांचा कारखाना मंगळूरला १८६५ मध्ये सुरू झाला, म्हणजे तशी कौलं असलेलं छप्पर त्यानंतरचं, खालचा वाडा कितीही जुना असो. नदीकाठाकडे आणखी एक रेघ ओढावी लागते: १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहिल्या की पायथ्याशी विरघळतात आणि वरच्या मजल्यासकट बसतात. दगडी जोतं मात्र टिकतं. म्हणून जुन्या जोत्यावर साठीच्या दशकातली इमारत अशी जोडी त्या पट्ट्यात आढळते, आणि ती दोन ओळींत नोंदवावी लागते.

हाच नियम प्रसिद्ध जागांनाही लावावा. लाल महालाची आजची इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे. शाहिस्तेखानावरचा १६६३ चा छापा या परिसराच्या रकान्यात येईल, इमारतीच्या नाही. शनिवारवाड्यात २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीनंतर लाकूडकाम गेलं. उरला तो तट, बुरूज, दरवाजे आणि आतली जोती. वाड्याला वापरलेलं जुन्नरचं सागवान, चिंचवडच्या खाणीतला दगड आणि जेजुरीचा चुना या तिन्हींतलं पहिलं आज आत जवळजवळ पाहायला मिळत नाही. वाड्याचा म्हणून दिला जाणारा १६,११० रुपये हा खर्च सुरुवातीच्या बांधकामाचा आहे, पुढे वाढवत नेलेल्या मजल्यांचा नव्हे.

त्रिशुंड मंदिर ही या टप्प्यातली सगळ्यात श्रीमंत जागा. भीमगिरजी गोसावींनी १७५४ मध्ये बांधकाम सुरू केलं आणि १७७० मध्ये गणपतीची स्थापना झाली. मोरावर बसलेला, तीन सोंडांचा. आत संस्कृत आणि फार्सी असे दोन्ही भाषांतले लेख आहेत. दर्शनी भिंतीवर साखळदंडांनी जखडलेला गेंडा आणि त्याच्याभोवती युरोपीय वेशातले शिपाई कोरलेले आहेत. पुण्यातल्या मंदिरावर असं शिल्प दुसरीकडे शोधून सापडणं कठीण, तेव्हा घाईत पुढे जाऊ नका. तळघर एरवी बंद असतं आणि त्यात पाणी असतं. ते गुरुपौर्णिमेच्या सुमारास उघडतं.

लेखांचा फोटो घेताना फ्लॅश बंद. समोरून पडलेल्या प्रकाशात खोदलेली अक्षरं सपाट दिसतात. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरा म्हणजे प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली पडते. कॅमेरा न हलवता डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो घ्या. एका दिशेने न दिसणारी काना-मात्रा दुसऱ्या दिशेने दिसते, विशेषतः जिथे ऑइलपेंट किंवा शेंदूर खाचेत भरला आहे तिथे. शेजारी दहा सेंटिमीटरची पट्टी ठेवा. खडू, पीठ, तेल काहीही दगडाला लावू नका. खडूने वाचणारा आपल्याला दिसतं तेच अक्षर भरतो, आणि पुढच्या माणसाला मूळ खाचेऐवजी ते वाचन मिळतं. गाभाऱ्यापाशी पुजाऱ्यांना विचारूनच.

दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे, त्यामुळे थंडीत त्याच्यावर ऊन येतच नाही. एप्रिल-मेमध्ये सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो तेव्हा सकाळी सात-आठच्या दरम्यान तिरपं ऊन तटाला घासून जातं आणि खालचं दगडकाम कुठे संपून विटा सुरू होतात ते स्पष्ट दिसतं. तांबट आळीत मात्र कामाच्या वेळेत जावं. तिथे पाहायचं ते मठारकाम, भांड्यावर ठोक्यांनी उठवलेली नक्षी. भाद्रपदात मांडवांमुळे दर्शनी भाग झाकलेले असतात, तेव्हा मापांचं काम ठेवू नका.

ठिकाणाची नोंद मोबाईलच्या ठिपक्यावर सोडू नका. अरुंद गल्लीत आकाश कमी दिसतं, उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका शेजारच्या आळीत जातो. घरनंबरही पेठेचा असतो, रस्त्याचा नव्हे, त्यामुळे लागोपाठचे नंबर लागोपाठ सापडतील असं नाही. सिटी सर्व्हे नंबर, आळीचं नाव आणि जवळच्या चौकापासून टेपने मोजलेलं अंतर, हे तिन्ही लिहा. लेझर मोजपट्टीचा ठिपका उन्हात दिसत नाही, बाहेर ३० मीटरची टेपच बरी.

पुढच्या टप्प्यात नानावाडा, आणि त्यानंतर नानासाहेब पेशव्यांच्या कात्रज नळावरचे (कात्रजहून शहरात पाणी आणणाऱ्या नळावरचे) हौद आणि उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा सोडणारे मनोरे. उच्छ्वासांवर लेख सापडण्याची आशा कमी, म्हणून तिथे विटांचे थर आणि चुन्याचे सांधे एवढ्यावरच भर ठेवायचा आहे. ज्यांच्याकडे सदाशिव हौद किंवा काळा हौद यांचे जुने कौटुंबिक फोटो असतील त्यांनी फोटोच्या मागे लिहिलेला मजकूरही स्कॅन करून ठेवावा, आणि त्यावर तारीख असेल तर ती कोणत्या कालगणनेतली ते आधी पाहावं.