उन्हाळ्यातली पब्लिक अफेअर्स इंटर्नशिप: सभागृह बंद, कागद चालू

मे-जूनमध्ये पब्लिक अफेअर्सच्या, म्हणजे एखाद्या संस्थेच्या वतीने सरकारी धोरणांवर लक्ष ठेवून सरकारपुढे बाजू मांडण्याच्या कामाच्या, इंटर्नशिपला येणाऱ्यांना पहिला झटका कॅलेंडरच देतं. संसदेचं अर्थसंकल्पी अधिवेशन साधारणपणे एप्रिलमध्ये आटोपतं आणि पावसाळी जुलैत सुरू होतं. राज्य विधिमंडळाचंही थोड्याफार फरकाने तसंच. म्हणजे कॉलेजला सुट्टी असते तेव्हा सभागृहालाही सुट्टी असते. प्रेक्षक गॅलरीत बसून वादळी चर्चा बघायला मिळेल या आशेने आलात, तर ती आशा पहिल्याच दिवशी सोडलेली बरी. या काळात काम असतं ते कागदांचं: मसुदे, शासन निर्णय, अधिसूचना, समित्यांचे अहवाल. आणि त्यातला कुठला कागद सध्या नेमका कुठल्या टप्प्यावर आहे, हे बिनचूक सांगता येणं ही या कामातली पहिली पायरी.

वाटतं तितकं ते सोपं नाही. मंत्रिमंडळाने मंजुरी दिली की दुसऱ्या दिवशी पेपरात 'नवा कायदा' अशी बातमी येते. प्रत्यक्षात तेव्हा विधेयक मांडलेलंही नसतं. ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, राष्ट्रपतींची संमती मिळाली, राजपत्रात छापून आलं, तरी ते अंमलात आलंच असं नाही. बहुतेक कायद्यांच्या पहिल्या कलमात 'केंद्र शासन अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकापासून' अशा अर्थाचं वाक्य असतं. सगळी गोम तिथेच. वेतन संहिता २०१९ मध्ये मंजूर झाली, बाकीच्या तीन कामगार संहिता २०२० मध्ये. चारही लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ला. मधल्या पाच-सहा वर्षांत 'संहिता लागू आहे' असं गृहीत धरून लिहिलेली प्रत्येक टिपणी चुकीची होती. म्हणून ट्रॅकरमध्ये, म्हणजे कुठला कायदा कुठवर आला याच्या तक्त्यात, 'मंजूर', 'संमती', 'अंमल' आणि 'नियम' (कायद्याखाली केलेले) असे चार वेगळे रकाने ठेवा आणि प्रत्येकात तारीख टाका. तारीख सापडली नाही तर रकाना रिकामा राहू द्या. 'बहुधा झालं असावं' असं कधीही भरू नका.

राज्याच्या पातळीवर रोजचं काम जीआरचं, म्हणजे शासन निर्णयांचं. शासन निर्णय, परिपत्रक, अधिसूचना आणि शुद्धिपत्रक ही चार वेगळी जनावरं आहेत आणि नवखा माणूस चौघांनाही जीआरच म्हणतो. अधिसूचना कायद्याने दिलेल्या अधिकारात निघते आणि राजपत्रात येते. शासन निर्णय हा प्रशासनाचा कार्यकारी निर्णय. परिपत्रक बहुतेकदा आधीच्या सूचनांचा खुलासा करतं. शुद्धिपत्रक दिसायला अर्ध्या पानाचं असतं, पण कधीकधी एका शब्दाच्या जागी दुसरा घालून अख्खी पात्रता बदलून टाकतं. मूळ जीआर वाचला आणि शुद्धिपत्रक राहून गेलं, ही इंटर्नच्या हातून होणारी अगदी नेहमीची चूक.

एक जीआर समोर ठेवून बघू. वर क्रमांक असतो, समजा 'संकीर्ण-२०२४/प्र.क्र.११२/का-५'. यातला 'प्र.क्र.' म्हणजे प्रकरण क्रमांक आणि शेवटचा तुकडा म्हणजे कार्यासन, विभागातलं तो विषय हाताळणारं टेबल. विषय कुणाच्या टेबलावर आहे ते या शेवटच्या तुकड्यावरून कळतं, आणि विद्यार्थी नेमका तोच सोडून देतात. त्याखाली 'वाचा' किंवा 'संदर्भ' या मथळ्याखाली जुन्या निर्णयांची यादी येते. ते सगळे शोधून एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण नव्या जीआरमध्ये 'उपरोक्त संदर्भ क्र. ३ मधील परिच्छेद ४ ऐवजी' एवढंच लिहिलेलं असतं आणि तो परिच्छेद ४ हाताशी नसेल तर पुढचं काहीच लागत नाही. 'प्रस्तावना' भराभर वाचली तरी चालते. 'शासन निर्णय' या मथळ्याखालचा मजकूर मात्र हळू वाचायचा. तिथे खर्च कुठल्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून) होणार, वित्त विभागाची सहमती घेतली का, हे बघा. निधीचा उल्लेखच नसलेली योजना बराच काळ कागदावर राहू शकते.

शेवटी, सहीच्या खाली, 'प्रत' म्हणून लांबलचक यादी असते. ती कुणी वाचत नाही. पण स्टेकहोल्डर मॅपिंगसाठी, म्हणजे विषयाशी कुणाकुणाचा संबंध येतो ते मांडण्यासाठी, याहून चांगला आयता कागद नाही: अंमलबजावणीत कुठली आयुक्तालयं, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदा, महामंडळं येतात ते सरकारनेच तिथे लिहून दिलेलं असतं. इंटरनेटवरून उचललेल्या चार चौकोनांच्या तक्त्यापेक्षा ही यादी पाचपट कामाची.

याच्याच जोडीला, फाइल खालून वर जाते हे लक्षात ठेवा. सहायक कक्ष अधिकारी टिपणी मांडतो, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव असं करत ती सचिवांपर्यंत पोहोचते. 'मंत्र्यांची वेळ घ्या' हा विद्यार्थ्यांचा आवडता सल्ला असतो, पण मंत्र्यांनी 'तपासून सादर करावे' असा शेरा मारला की कागद पुन्हा त्याच कार्यासनात येऊन पडतो. त्यामुळे निवेदन असं लिहा की खालच्या टेबलावरच्या माणसाला त्यातला परिच्छेद टिपणीत जसाच्या तसा घेता येईल. आणि निवेदन विभागाच्या टपाल शाखेत दिलंत की आपल्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. आवक क्रमांक नसेल तर पंधरा दिवसांनी 'आमच्या पत्राचं काय झालं' याला उत्तर द्यायला समोरच्याकडेही काही नसतं.

सुट्टीतलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे मसुद्यांवरच्या हरकती-सूचना. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसाठी खुला ठेवणं अपेक्षित आहे. ते दरवेळी पाळलं जातंच असं नाही. नियमांच्या मसुद्यातही बरेचदा ३० दिवसच असतात, पण ते कुठून मोजायचे ते अधिसूचनेत बघा. केंद्राच्या अधिसूचनांत बहुधा राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून मोजायला सांगितलेलं असतं, राजपत्रावर छापलेल्या तारखेपासून नव्हे. शंका असेल तर आधीची तारीख धरा आणि तिच्याही तीन दिवस आधी पाठवा. शेवटच्या रात्री पोर्टल बसतं.

सूचना निबंधासारखी लिहू नका. चार रकान्यांचा तक्ता करा: नियम क्रमांक, सध्याचा मजकूर, अडचण, सुचवलेला मजकूर. चौथा रकाना रिकामा असेल तर पहिले तीन वाया गेले असं समजा. 'ही तरतूद जाचक आहे' हे वाचून मसुदा करणारा अधिकारी काहीच करू शकत नाही. '"सात दिवसांत" ऐवजी "कामकाजाच्या पंधरा दिवसांत" असे वाचावे' हे तो उचलू शकतो. वाचताना क्रियापदावर डोळा ठेवा. 'करील' आणि 'करू शकेल' यांत सक्ती आणि मुभा एवढं अंतर आहे. तसंच 'परंतु असे की' दिसलं की थांबा. वरच्या वाक्यात दिलेलं या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, काढून घेतलेलं असू शकतं.

आकडेवारी हवी असेल तर माहिती अधिकाराच्या अर्जाकडे धावण्याआधी संसदेतल्या अतारांकित प्रश्नांची (ज्यांना तोंडी नव्हे, फक्त लेखी उत्तर मिळतं) उत्तरं चाळा. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न २० आणि अतारांकित २३० पर्यंत असतात. या लेखी उत्तरांच्या जोडपत्रांत राज्यवार तक्ते फुकट पडलेले असतात. माहिती अधिकाराचं उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात, म्हणजे तुमच्या इंटर्नशिपचा अर्धा काळ.

वरिष्ठांसाठीची नोट एक पान, त्याहून जास्त नको. पहिल्या ओळीत काय ठरवायचं आहे ते आणि मुदत. पार्श्वभूमी तळाशी. विद्यार्थी उलटं करतात, कारण कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये प्रस्तावना आधी असते. बैठकीचं टिपण त्याच दिवशी लिहा: कोण हजर होतं, कोण काय म्हणालं, पुढे कुणी काय करायचं. 'साहेब सकारात्मक वाटले' याला काही अर्थ नाही. 'प्रस्ताव पुढच्या आठवड्यात सादर करतो म्हणाले' याला आहे. आपल्याकडे लॉबिंगची नोंदणी करायला लावणारा वेगळा कायदा नाही, म्हणून तर आपण कुणाच्या वतीने आलो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगायचं आणि प्रत्येक भेट रजिस्टरमध्ये लिहायची. भेटवस्तूचा विषय निघाला तर इंटर्नने तो तिथेच वरिष्ठांकडे सोपवावा.

शेवटचा आठवडा हस्तांतरणासाठी राखून ठेवा. तुम्ही जाल त्याच सुमारास पावसाळी अधिवेशन तोंडावर आलेलं असतं आणि खासदारांना सभागृहातल्या प्रश्नांच्या सूचना साधारण १५ दिवस आधी द्याव्या लागत असल्याने ऑफिसात धांदल सुरू झालेली असते. कुठल्या मसुद्याची मुदत तुमच्यानंतर संपते, कुठल्या पत्राचा आवक क्रमांक काय, कुठलं स्मरणपत्र कोणत्या तारखेला पाठवायचं, हे एका कागदावर तारखेच्या क्रमाने मांडा आणि फाइलींच्या नावात तारीख आधी घाला. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल शेवटची' अशा तीन फाइली मागे ठेवून गेलेल्या इंटर्नची आठवण ऑफिसला बरेच दिवस राहते.